बेटावरच्या लग्नाचा नारळ

अक्का, त्या नारळाचं काय करायचं ते आधी सांग.

देव्हाऱ्यात तांदळाच्या वाटीवर तू ठेवून गेलीस तो. शेंडीला हळदकुंकू लावलेला. तुझा भाऊ, म्हणजे माझे आबा, गावाहून आले, सगळं आटोपलं, लोक पांगले, आणि तू निजायचीस त्या जागी संध्याकाळी दिवा ठेवताना त्यांची नजर त्याच्यावर गेली. त्यांनी हात लावला नाही. नुसतं विचारलं, "हाऊ त्या बेटवरल्या लगीनना का?" मी मान हलवली, हो की नाही ते माझं मलाही कळू नये अशी. आबांनी हो धरलं. तेव्हापासून मला या घरात एका जागी बसवत नाही.

हे लिहायला बसते, दोन ओळी होतात, उठते. माठ भरलेला असतो तरी झाकण काढून पाहून येते. गच्चीवर जाते, वाळत काहीच नसतं. तुझं मांडे भाजायचं खापर कोपऱ्यात गोधडीत गुंडाळून पालथं ठेवलंय. त्याच्या बाजूने जाताना पाय आपोआप हळू पडतात, कारण इतकी वर्षं तू एकाच गोष्टीवरून माझ्यावर ओरडलीस, की खापराला पाय लागला तर याद राख. आईला वाटतं मी दुःखाने अशी करतेय. दुःख आहेच. पण आई, आबा, सगळी गल्ली, सगळ्यांना वाटतंय की तिकडे बेटावर एक लग्न आहे, तिथे मांडे करायचा शब्द तू दिला आहेस, आणि तू नसलीस तरी तो आपल्या घराने पाळायला हवा. असं कुठलंही लग्न नाही हे आता मला एकटीलाच माहीत आहे. तू होतीस तेव्हा आपण दोघी होतो.

कॅलेंडरपासून सुरू झालं ना हे? किराणावाल्या शेठजींनी दिवाळीला दिलेलं. दरवर्षी त्यावर देव असायचे, त्या वर्षी कुणास ठाऊक कसं, एक बेट आलं. निळं पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर वाकलेली नारळाची झाडं, आणि माणूस एकही नाही. वर्ष संपल्यावर मी ते काढलं तर तू माझ्या हातातून घेतलंस आणि आतल्या खोलीत परत टांगलंस. मी म्हटलं, अक्का, जुनं कॅलेंडर घरात ठेवू नये म्हणतात. तू म्हणालीस, तारखा कोण बघतंय.

मग एके दिवशी भाकरी थापता थापता तू विचारलंस, या गावाचं नाव काय. चित्राखाली नाव नव्हतं. मी फोनवर शोधलं तर तसली चित्रं ढिगाने निघाली, कुठल्या कुठल्या देशांची. मी खरं तेच सांगितलं, की हे नेमकं कुठलं ते कळत नाही, पण असलंच सगळं अंदमानात आहे, आणि अंदमान आपल्याच देशात आहे, पासपोर्ट लागत नाही. तुझा हात परातीत थांबला.

"आपलाच शे?"

एवढंच विचारलंस. मग भाकरी तव्यावर टाकलीस आणि ती करपली. तुझ्या हातची करपलेली भाकरी मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली.

तू काही कमी फिरलेली नव्हतीस. मांड्यांच्या कामासाठी तुला कुठून कुठून बोलावणी यायची. सुरत, नाशिक, पुणे, इंदूर, एकदा थेट हैदराबाद. पण कुठलंही गाव विचारलं की तू तिथलं मांडवामागचं सांगायचीस. सुरतेचं पाणी मचूळ, कणीक ताणत नाही. पुण्याला कार्यालयाच्या मागे चूल पेटवू देईनात. इंदूरला सरपण ओलं, धुराने डोळे गेले. सुरतेपासून समुद्र किती जवळ आहे हे मी तुला फोनवरच्या नकाशात दाखवलं, तेव्हा तू त्या निळ्या रंगाकडे कितीतरी वेळ पाहत राहिलीस. म्हणालीस, इतक्यांदा गेले, कुणी सांगितलं नाही. मग आपणच म्हणालीस, सांगितलं असतं तरी मी कसाले गेले असते.

हे "कसाले", कशासाठी, आपल्याकडे दारातच उभं असतं. माणूस घराबाहेर पडला की कुणीतरी विचारतंच, आणि त्याच्याजवळ उत्तर असावंच लागतं. लग्नाला चाललो, मयतीला चाललो, दवाखान्यात, नाहीतर देवाला. या उत्तरांवर लोक मान हलवतात आणि रस्ता देतात. आबांनी कधी गिरणी बंद ठेवली तर परत येताना हातात काहीतरी असतं, गिरणीचा पट्टा नाहीतर एखादी बेअरिंग, म्हणजे धुळ्याला कशासाठी गेले होते ते गावाला लांबूनच दिसावं. नुसतं पाहायला चाललो, असं म्हणून आपल्या घरातून कुणी बाहेर पडल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणून बसस्टँडजवळच्या त्या ट्रॅव्हल्सवाल्याकडची दुपार मला सारखी आठवते. मी सगळं ठरवून आणलं होतं. पौषात जायचं, कारण पौषात लग्नं नसतात आणि वर्षात तेवढीच तुला सवड. तिकडेही तेव्हा पाऊस नसतो. भुसावळहून हावड्याची गाडी, कोलकात्याहून विमान. तुला बोटीने जायचं होतं, त्यावरून आपलं घरीच वाजलं होतं. त्याच्या दुकानात भिंतीभर चारधाम, काशी, रामेश्वर. त्याने तुझ्याकडे पाहून आधी यात्रांची पत्रकं पुढे सरकवली. मी अंदमान म्हटल्यावर ती मागे घेतली आणि हनिमूनची सरकवली. मग आपल्या दोघींकडे पाहून थांबला. माणूस वाईट नव्हता, खरोखरच गोंधळला होता. म्हणाला, मावशी, तिकडे काय काम काढलं?

मी म्हणणार होते, फिरायला. शब्द तोंडात आला होता. पण मी नेहमीप्रमाणे आधी घसा साफ केला, आणि तेवढ्यात तू बोलून गेलीस.

"मांडासनी ऑर्डर शे. लगीन शे तठे."

तो लगेच सैल झाला. खुर्ची पुढे ओढली, चहा सांगितला, आपली दोन तिकिटं काढून दिली, आणि बाजूच्या खुर्चीवर काशीची चौकशी करायला आलेल्या आपल्या समोरच्या कोकिळाबाईंनी कान टवकारले. आपण रिक्षातून उतरलो तोवर गल्लीला कळलं होतं. आणि तू, अक्का, घाबरायचं सोडून रंगात आलीस. मुलगा तिकडे मोठ्या नोकरीला आहे, मूळचे शिरपूरकडचे. मुलीकडचे बंगाली, त्यांना मांडे म्हणजे काय ते पाहायचंय. कोकिळाबाईंनी विचारलं, विमानात खापर घेऊ देतात का. "मांडीवर लिसनी बठसू," तू म्हणालीस, आणि त्यांनी ते खरं मानलं. मग त्यांनीच विचारलं, नारळ आला का लग्नघरचा.

मांड्यांचं काम ठरलं की लग्नघरचा नारळ येतो. तो देव्हाऱ्यात राहतो आणि काम पार पडलं की फोडतात. एकदा नारळ ठेवून घेतला की काम एका बाईचं राहत नाही, घराचं होतं. ती आजारी पडली तर घराने दुसरी बाई उभी करायची, पण मांडव अडू द्यायचा नाही. हे तूच मला शिकवलं होतंस, आणि तरी दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तू आपल्या हाताने नारळ घेऊन आलीस. मी म्हटलं, नारळाच्या बेटावरच्या लग्नाला जळगावच्या बाजारातला नारळ. तू पदर तोंडावर धरून हसलीस. डोळ्यांत पाणी येईपर्यंत आपण दोघी हसलो. आणि मग मी भांडायला लागले.

ते भांडण संपलेलं नाही. मी म्हटलं, आपण कुणाचं काही बिघडवत नाही, तुझ्या कष्टाचं, तुझ्या सवडीने तू चाललीस, मग एकदा सरळ म्हण ना, फिरायला चालले. तू पातळांच्या घड्या करत होतीस. म्हणालीस, तू म्हण. मी म्हटलं, मी म्हणेनच. "मंग त्या दिवशी काबर नही म्हनं?" तू विचारलंस. का नाही म्हटलं?  

पुढे तू म्हणालीस, बाई कारण न सांगता बाहेर पडली तर लोक आपल्या मनाने तिचं कारण शोधतात, त्यापेक्षा आपण दिलेलं बरं असतं. मी म्हटलं, अक्का, ही फार जुनी गोष्ट झाली. तू घडीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, तुझी तरी कुठे नवी आहे.

मला तेव्हा ते लागलं, पण समजलं नाही. आता या घरात येरझाऱ्या घालताना समजतंय. बारावी झाल्यावर आबांनी मला नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं. आपल्या घरातून कॉलेजात कुणी गेलेलंच नव्हतं, त्यामुळे नाही तरी नेमकं कशाला म्हणायचं ते त्यांना कळत नव्हतं. मग तू आलीस. ओट्यावर बसलीस, चार बायका जमेपर्यंत पाणी पीत राहिलीस, आणि म्हणालीस की माझे हात आता भरून येतात, हाताखाली एक पोरगी पाहिजे, वैशूला माझ्याकडे पाठव, रिकामी असेल तेव्हा जाईल कॉलेजात. बायकांनी माना डोलावल्या. पोरगी कामाला चालली म्हटल्यावर कुणाला काही विचारायचं उरलं नाही.

आणि इथे जळगावला तुझ्याकडे आल्यावर तू मला खापराजवळ येऊ दिलं नाहीस. काम आलं की म्हणायचीस, तुझी परीक्षा आहे ना. परीक्षा नसली तरी म्हणायचीस. एकदा मी हट्टाने कणकेचा गोळा हातावर घेतला, तुझ्यासारखा दोन्ही हातांवर झेलत पसरायला गेले, आणि तो कोपरापर्यंत पोचायच्या आत मधोमध फाटून पुरण माझ्या पायावर पडलं.  तू माझे हात धुतलेस आणि म्हणालीस, जा, पुस्तक धर, ते तरी फाटत नाही का बघ.

हे सगळं तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं. तू खोटं बोलतेस म्हणून मी तुझ्याशी महिनाभर वाद घातला, आणि ज्या तोंडाने घातला ते तोंड कॉलेजात पोचलं होतं तुझ्या तसल्याच एका थापेवर. हे मी तुला म्हणायला हवं होतं. तू बहुतेक म्हणाली असतीस, बरं बरं, भाकरी खा.

मेहरूणच्या तलावावर आपण जायचो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. निघताना तू थैली घ्यायचीस. गल्लीत विचारलं की, बोरं आणायला. येताना वाटेवरच्या गाडीवरून बोरं घ्यायचो, म्हणजे थैली रिकामी दिसायला नको. काठावर बसून तू प्रश्न विचारायचीस. चारी बाजूंनी खारट पाणी असताना तिथली माणसं पितात काय. पातळ ओलं झालं तर वाळूत वाळतं का. कळण्याच्या भाकरीचं पीठ इथूनच न्यायचं का, की तिथे ज्वारी मिळते. विमानात खिडकी कुणाची, यावर तू म्हणायचीस तुझी, मी म्हणायचे तुझी, आणि दुसऱ्या दिवशी दोघी उलटायचो.  एकदा विचारलंस, समुद्राला समोरचा काठ दिसतो का? मी म्हटलं, नाही. तू म्हणालीस, मग नजर कुठे ठेवायची?

मी हसले होते. तूही हसलीस, पण उत्तराची वाट पाहत होतीस.

शेवटच्या कामाला, चोपड्याला, सकाळी निघालीस तेव्हा तुझी पिशवी उचलायला मी बसस्टँडपर्यंत आले होते. गाडी लागलेली होती. तू खिडकीत बसलीस, मांडीवर गोधडीतलं खापर. मी खालून परत तेच काढलं. म्हटलं, चोपड्याला कुणी विचारलं तर तरी खरं सांग. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जशी कणीक अजून मळायची बाकी आहे.

"देखी तं ईऊत. मंग सांगसूत बठ्ठासले."

पाहून तर येऊ, मग सांगू सगळ्यांना. तेवढ्यात कंडक्टरने घंटा मारली. संध्याकाळी तू दमून आलीस, जेवलीस, चोपड्याच्या नवरीची उंची सांगून मला हसवलंस. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा तू निजलेली होतीस, ती उठलीच नाहीस.

आता आबांचं ऐक. त्यांनी शब्द पाळायचं मनावर घेतलंय. धुळ्याच्या सिंधूबाईंना, तुझ्याबरोबर कधीमधी कामाला यायच्या त्या, फोन करून तयार केलंय. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, पाणी लागतं का आणि बेटावर सरपण कुठलं मिळतं. मी तुझी हाताखालची, म्हणून मी त्यांच्याबरोबर जायचं. आबा रोज सकाळी म्हणतात, त्या लग्नघराचा नंबर दे, मी बोलतो, बहीण गेली पण काम अडणार नाही असं सांगतो. मी म्हणते, संध्याकाळी देते. संध्याकाळी माझा फोन बंद असतो.

आणि काका काय म्हणाले माहीत आहे? कुणीतरी त्यांना विचारलं, घरात अशी गोष्ट घडलेली, वर्षाच्या आत पोरीला इतकं लांब कसं पाठवता. काका म्हणाले, कामाला दोष नसतो, ती काही फिरायला नाही चालली.

म्हणजे बघ माझी गत. खोटं तसंच ठेवलं तर सगळे मला हात हलवून निरोप देतील, आणि मी सिंधूबाईंना आणि खापराला घेऊन त्या बेटावर नसलेलं लग्न शोधत फिरेन. खरं सांगितलं तर जाणं रद्द होईल, आणि मागे एवढंच राहील की अक्का खोटं बोलायची. दोन्हीकडून तूच अडचणीत येतेस. आणि मला जायचंय, अक्का. तू गेल्यावरही मला समुद्र पाहायचाय. ही लाजेची गोष्ट आहे की नाही हेसुद्धा मला तुलाच विचारायचं होतं.

*

वरचं लिहिलं त्यानंतर बरंच झालं. क्रमाने सांगते.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सिंधूबाई पिशवी घेऊनच आल्या. चहा घेतला, तुझ्या फोटोला हात जोडले, आणि म्हणाल्या, माझं खापर जड आहे, अक्काचं हलकं आहे, तेच नेऊ. आबा उठले. गोधडीला दोन्ही हात घातले. तुझ्याखेरीज कुणी ते उचललेलं मी पाहिलेलं नव्हतं. मी मध्ये गेले.

"आबा, राहू द्या. तठे लगीन नही शे."

आबा वाकलेलेच राहिले. "मंग काय शे?"

"काहीच नही."

"मंग ती कसाले जाई ऱ्हायंती?"

"देखाले," मी म्हटलं. "समुद्र."

मग मी थांबले नाही. कॅलेंडर, ट्रॅव्हल्सवाला, शिरपूरकडचा मुलगा, बाजारातला नारळ, सगळं सांगून टाकलं. सिंधूबाईंनी कपाळावर हात मारला. त्या धुळ्यात सगळ्यांना सांगून आल्या होत्या. एक नवं पातळही घेतलं होतं त्यांनी. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. काका म्हणाले, म्हणजे इतके दिवस आपण काय... 

आबा खापर सोडून तिथेच खाली बसले, तुझ्या निजायच्या जागेला टेकून.  मग म्हणाले, "माले सांगती तं मी नही म्हनतू का?"

मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का.   उत्तरही त्यांनीच दिलं.

"म्हनतू."

म्हटलं असतं. इतक्या हळू म्हणाले की मला वाटतं ते तुलाच सांगत होते.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुला एक तरी मांडा येतो का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मला माहीत होतं. पहिल्या दिवाळीला तू घरी आलीस तेव्हा तुझे हात पाहिले होते. खापरावर काम करणाऱ्या बाईच्या हाताला दोन-तीन महिन्यांत डाग पडतात, मनगटापासून कोपरापर्यंत. अक्काचे हात मी लहानपणापासून पाहतोय. तुझ्या हातावर एक डाग नव्हता.

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. आबा म्हणाले, बोललो असतो तर तुला घरी आणावं लागलं असतं.

अक्का, तुला हे माहीत होतं का? तुम्ही दोघं भाऊबहीण एकमेकांना कारणं देत होता आणि एकमेकांची कारणं सांभाळत होता, आणि मी मध्ये उभी राहून दोघांना खरेपणा शिकवत होते. तू असतीस तर हे तुला पळत येऊन सांगितलं असतं. दिवसभरात कितीदा तरी तुला काहीतरी सांगायला आतल्या खोलीपर्यंत जाते आणि कॅलेंडर पाहून परत येते.

मग मी म्हटलं, मला जायचंय. घसा साफ केला नाही. काका वर्षाच्या आतचं बोलले. आईने विचारलं, एकटी? मी म्हटलं, तिकीट माझ्या नावाचं आहे, आणि अक्काने पाहून येऊ म्हटलं होतं. आबांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही, यावेळीसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी ते मला न सांगता त्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे जाऊन आले. तिथे मुक्कामाला कोण आहे, विमानतळावर घ्यायला कोण येईल, बाईमाणूस आहे का घरात, सगळं विचारून आले. येताना हातात काही नव्हतं.

आज सकाळी निघायचं होतं. आबांनी देव्हाऱ्यातून नारळ उचलला आणि बाहेर आले. आई म्हणाली, काम तर झालंच नाही, मग कसा फोडायचा. आबा म्हणाले, हिला पाठवतोय, त्याचा फोडतो. पायरीच्या दगडावर एका घावात फोडला. पाणी गोड निघालं. तू नारळ पारखून घ्यायचीस, खोट्या लग्नासाठीसुद्धा चांगलाच आणला होतास.

आवाज ऐकून समोरून कोकिळाबाई आल्या. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. माझ्या पाठीवरची बॅग पाहून म्हणाल्या, "चालनी का व मांडासले? सिंधूबाई कोठे शे?"

आबा खोबरं काढत होते, त्यांनी मान वर केली नाही.  मी म्हटलं, "लगीन नही शे, काकू. देखाले जाई ऱ्हायनी."

त्या वाट पाहत राहिल्या, वाक्याचं उरलेलं अजून यायचं असल्यासारख्या. काही आलं नाही तेव्हा त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "हां. देखाले. अक्काबी त्यानाचसाठे जाई ऱ्हायंती."

कोकिळाबाईंनी तुकडा तोंडात टाकला. चावता चावता त्यांच्या तोंडावरून कायकाय गेलं. मला वाटलं आता त्या तुझं नाव घेऊन काहीतरी बोलतील. बोलल्या त्या एवढंच, "माले सांगती तं मी बी येती." मग पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, पाण्यात फार आत जाऊ नकोस.

भुसावळला गाडी उशिरा आहे. आबा चौकशीच्या खिडकीपाशी तिसऱ्यांदा गेलेत. मी बाकावर बसून हे लिहितेय आणि अजूनही दर दोन ओळींनी उठतेय. बॅगेत कळण्याचं पीठ आहे, आईने बांधून दिलंय. खापर घरीच आहे. आबा म्हणाले, ते आता सिंधूबाईंना देऊ, रिकामं ठेवलं तर तडकतं. मी हो म्हटलं, पण ते पुढच्या आठवड्यात द्या म्हटलं. काबर, ते त्यांनी विचारलं नाही.

विमानात खिडकी तुझ्या नावाची आहे. मी माझ्याच जागेवर बसणार आहे. तुझ्या जागेवर कुणी येऊन बसलं तर बसू दे, कुठे चाललात, कशाला, असं काही मी विचारणार नाही.

फक्त समोरचा काठ दिसत नसेल तर नजर कुठे ठेवायची, हे तुझं मला सकाळपासून छळतंय.  आबा हात करतायत, गाडी येतेय बहुतेक.

देखी येस, अक्का. मंग सांगस.